उबुंटूने युनिटी आणली तेव्हा लोक एवढे का भडकले होते? आणि आता वडिलांचं २२.०४ अपग्रेड करू का?

तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत. (उबुंटू म्हणजे विंडोजऐवजी वापरायची फुकट लिनक्स प्रणाली, युनिटी म्हणजे तिच्या पडद्याची तेव्हाची नवी मांडणी, आणि २२.०४, १०.०४ हे तिच्या आवृत्त्यांचे आकडे: वर्ष आणि महिना.) पहिला, २०११ मध्ये "एक पट्टी खालून डावीकडे गेली, एवढ्यावरून लिनक्सवाले वर्षानुवर्षं का भांडत बसले". दुसरा, वडिलांच्या २२.०४ वर नव्या आवृत्तीचा संदेश सारखा येतोय, तर २४.०४ करून टाकू का. दुसऱ्याचं उत्तर शेवटी देतो. ते पट्टीचं वाक्य मात्र डोक्यात गेलं, कारण शब्दन् शब्द तेच मी दर दिवाळीला जेवणाच्या ताटावर ऐकतो.

बोलणारा माझा मेहुणा. हिंजवडीत मोबाइल ॲपचे स्क्रीन आखायचं काम करतो. त्याचा सिद्धांत असा: "भावजी, नवीन काही दिलं की लोक बोंबलतात, मग सरावतात, आणि तेच काढायला गेलं की पुन्हा बोंबलतात. लक्ष द्यायचं नसतं." बासुंदी वाढता वाढता हे ऐकलं की बायको माझ्याकडे डोळे वटारून बघते, म्हणून तिथे गप्प बसतो. इथे कशाला बसू?

मुळात भांडण पट्टीपासून सुरूच झालेलं नाही. ते सुरू झालं मार्च २०१० मध्ये, १०.०४ यायच्या आधी. खिडकी बंद करायची, लहान-मोठी करायची बटणं उजव्या कोपऱ्यातून उचलून डावीकडे नेली. त्याच वेळी उबुंटूचा तो मातकट तपकिरी रंग जाऊन जांभळा आला. त्याबद्दल माझ्या ओळखीत तरी कोणी रडलं नाही, तपकिरी गेला ते बरंच झालं. बटणांवर मात्र ढिगाने तक्रारी आल्या. तेव्हा खुद्द मार्क शटलवर्थ, म्हणजे उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीचे सर्वेसर्वा, तक्रारीच्या पानावर आले आणि म्हणाले की ही लोकशाही नाही. चांगला अभिप्राय द्या, माहिती द्या, पण डिझाइनवर मतदान होणार नाही. मग उजवी बाजू मोकळी कशाला हवी होती? तर तिथे पुढे काहीतरी नवं येणार होतं. मे महिन्यात त्या नव्या गोष्टीचं 'विंडिकेटर' असं बारसंही झालं. बाळ काही जन्माला आलं नाही.

पण एक सांगतो. १०.०४ चा तो आरडाओरडा बऱ्यापैकी लवकर विझला. कारण सोपं होतं. जीकॉन्फ-एडिटर हा सेटिंग बदलायचा प्रोग्राम उघडायचा, त्यात मेटासिटी, म्हणजे खिडक्या सांभाळणारा भाग, त्याच्या खाली बटणांच्या रचनेची एक ओळ होती, ती बदलायची, की बटणं परत उजवीकडे. ज्याला हवं त्याने नेली, ज्याला नको त्याने ठेवली. आणि ओरडण्याचा अगदीच उपयोग झाला नाही असंही नाही. बीटामध्ये, म्हणजे चाचणीच्या आवृत्तीत, बंद करायचं बटण कोपऱ्यातसुद्धा नव्हतं, तिघांत सगळ्यात आतलं होतं. अंतिम आवृत्तीत ते कोपऱ्यात आलं. हे मेहुण्याला आवर्जून सांगायचंय.

आता वाचनालयाची गोष्ट. सातारा जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तिथलं शासनमान्य वाचनालय. एका पतसंस्थेने नवी यंत्रं घेतली आणि जुनी पेंटियम फोर वाचनालयाला देऊन टाकली. काचेचे चौकोनी मॉनिटर, वायरला गाठी. विंडोजचा परवाना घ्यायला पैसे नव्हते, आणि चोरीचं घालायला ग्रंथपाल बाई तयार नव्हत्या. मी तेव्हा उबुंटूचा प्रचारक होतो म्हणा ना. कॅनॉनिकल त्या काळी फुकट सीड्या पोस्टाने घरी पाठवायची, त्या मागवून मी येईल त्याच्या हातात ठेवायचो. (ती योजना एप्रिल २०११ मध्ये बंद झाली. युनिटी आली तोच महिना.) तर वाचनालयात १०.०४ बसवलं, बटणं उजवीकडे नेली आणि बाईंना शिकवलं.

बाई म्हणजे काय चीज हे सांगायला हवं. टाइपरायटरवर मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली. मग विंडोज ९८ शिकल्या. मग चाळिशी उलटल्यावर इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकल्या, कारण टाइपरायटरच्या बोटांनी युनिकोड येत नव्हतं. त्यानंतर लिनक्स. तक्रारीचा चकार शब्द नाही. खालच्या पट्टीवर त्यांच्या तीन फायली दिवसभर उघड्या असायच्या: दाखल नोंद, वर्गणी आणि देवघेव. तीन बटणं, प्रत्येकावर फाइलचं नाव. न बघता माऊस तिथे जायचा.

ऑगस्ट २०१२ मध्ये १२.०४.१ आली आणि १०.०४ वाल्यांना अपग्रेड करा म्हणून संदेश यायला लागला. संध्याकाळच्या पाळीला बसणाऱ्या पोराने दोन महिने तो बंद केला आणि एके दिवशी कंटाळून 'अपग्रेड' दाबला. पासवर्ड बाईंच्या टेबलाच्या काचेखाली होता, जसा तो सगळीकडे असतो. रात्रभर ब्रॉडबँड चालला. सकाळी दारात रांग, कारण दिवस दिवाळी अंकांचे. ज्यांनी वाचनालय पाहिलंय त्यांना हे माहीत आहे: अंक योजनेची वर्गणी भरलेले लोक त्या आठवड्यात कोणाच्या बापाचं ऐकत नाहीत. विनोदी अंक कोणाकडे गेलाय, भविष्याचा कधी परत येणार, माझा नंबर कितवा.

बाईंचा फोन आला, "अरे, माझी देवघेव कुठं गेली? तू लगेच ये."

गेलो तर खालची पट्टी नाही. डावीकडे उभा रकाना, त्यात हिरवं एकच चित्र, आणि त्याच्या डाव्या कडेला मुंगीएवढे तीन बाण. म्हणजे तीन फायली उघड्या आहेत हे आपण ओळखायचं. चित्रावर टिचकी मारली की तिन्ही खिडक्या आक्रसून शेजारी शेजारी येतात, आणि आक्रसलेल्या तीन तक्त्यांमध्ये फरक काय दिसणार? पांढऱ्यावर करड्या रेघा. बाई दर वेळी चुकीची उघडत होत्या. फाइल मिटवायला हात सवयीने उजव्या कोपऱ्यात जात होता, आणि तिथे आता दातेरी चाकाचं चित्र होतं. ते दाबलं की जी यादी उतरते तिच्या तळाशी 'बंद करा', म्हणजे अख्खं यंत्र बंद करा. मी पोचेपर्यंत एकदा ते झालेलंही होतं. चौकोनी मॉनिटरवर डावीकडचा रकाना जागा खाऊन बसल्याने तक्त्यातला 'शेरा' हा शेवटचा रकाना पडद्याबाहेर गेला होता, आणि अंक परत आला की नाही हे नेमकं त्यातच लिहिलेलं. दुपारी ग्रंथालय संचालनालयाचं एक पत्रक उघडलं तर त्याची सरकपट्टीच गायब. कडेला नारिंगी रेघ, तिच्याजवळ माऊस नेला की टिकलीएवढी मूठ उगवायची, जरा हलला की मावळायची. माऊसचं चाक केव्हाच मोडलेलं.

बाईंनी पंधरा-वीस मिनिटं प्रयत्न केला. मग खण उघडून जुनी रेघांची वही काढली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला म्हणाल्या, "बोला, नंबर काय?" आणि माझ्याकडे न बघता, "कपाटं हलवायची तर सुट्टीच्या दिवशी हलवावीत रे. वाचक दारात उभे असताना नाही. आणि हलवलीच तर कुठलं कुठं ठेवलं त्याची चिठ्ठी तरी लावावी."

मेहुण्याला हे वाक्य मी ऐकवलेलं आहे. तो म्हणाला, "एका बाईंचं उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे." बरोबर, नव्हे. पण त्याचा सिद्धांत असा आहे की लोकांना बदल नको असतो म्हणून ते ओरडतात. ज्या बाई टाइपरायटर, विंडोज, इनस्क्रिप्ट आणि लिनक्स असं चार वेळा नव्याने शिकल्या, त्यांना बदल नको होता हे म्हणायला जरा धाडस लागतं.

कॅनॉनिकलची बाजूही ऐका, ती मूर्खपणाची नव्हती. युनिटी आधी ऑक्टोबर २०१० मध्ये नेटबुकसाठी आली, मग एप्रिल २०११ मध्ये ११.०४ ने ती सगळ्यांच्या डेस्कटॉपवर बसवली. नेटबुकचा पडदा रुंद आणि बुटका, १०२४ गुणिले ६०० वगैरे. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मध्ये खिडकीचं शीर्षक आणि मेनू, मग कामाला उरतं काय? म्हणून चित्रं डावीकडे आणि मेनू वरच्या पट्टीत. त्या पडद्यावर हे अगदी योग्य होतं. पण तोच सदरा चौकोनी मॉनिटरला, चोवीस इंचीला, दोन मॉनिटरवाल्यांनाही. मेनू वर नेला तो नेला, आणि माऊस तिथे नेईपर्यंत दिसणार नाही असा नेला. लोकांनी विचारलं, डावीकडचा रकाना निदान खाली घेता येईल का? उत्तर नाही. तो उबुंटूच्या बटणाजवळच हवा, आमच्या मोठ्या आराखड्यात बसत नाही. तीच गोष्ट १६.०४ मध्ये झाली. म्हणजे करता येत होती. पाच वर्षं लावली.

११.०४ मध्ये लॉगिनच्या वेळी 'उबुंटू क्लासिक' निवडायची सोय तरी होती. ११.१० मध्ये जुना ग्नोम, म्हणजे युनिटीच्या आधीचा डेस्कटॉप, काढूनच टाकला. खरा संताप तिथे आहे. माझ्या मते बदल करा, हवे तेवढे करा, पण परतीचा दरवाजा सहा महिन्यांत विटा लावून बुजवायचा आणि वर म्हणायचं की लोक हट्टी आहेत, हा उद्दामपणा झाला.

बरं, युनिटी नको तर ग्नोम घ्या म्हणावं, तर ६ एप्रिल २०११ ला ग्नोम ३ आला आणि लोक आगीतून फुफाट्यात. खालची पट्टी तिथेही नाही. खिडकी लहान-मोठी करायची बटणंच काढली. मेनूत 'सस्पेंड' दिसायचं, संगणक बंद करायचा तर ऑल्ट दाबून धरायचं, मग ते 'पॉवर ऑफ' व्हायचं. हे कोणाला सुचलं देव जाणे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ऑगस्ट २०११ मध्ये जाहीर शिव्या घातल्या आणि ते एक्सएफसीई या दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले. मेहुण्याचा हुकमी एक्का म्हणजे तेच लिनस २०१३ मध्ये ग्नोमवर परतले. "बघा, तुमचा लिनससुद्धा सरावला." अरे, एक्स्टेन्शन (वरून जोडायचे छोटे प्रोग्राम) लावून परतले! काढलेल्या गोष्टी एक्स्टेन्शनने परत बसवता यायला लागल्या तेव्हा परतले. याला सरावणं म्हणत असशील तर मग बोलणंच खुंटलं.

ज्यांना सरावायचं नव्हतं त्यांनी काय केलं तेही बघा. अर्जेंटिनातल्या आर्च नावाचं लिनक्स वापरणाऱ्या एकाने जुन्या ग्नोमचा कोड उचलून 'माते' हे डेस्कटॉप सुरू केलं, तिकडच्या पेयाच्या नावावरून. लिनक्स मिंट या दुसऱ्या लिनक्सवाल्यांनी ग्नोम ३ च्या पायावर जुन्या घाटाचं सिनॅमन बांधलं. या मंडळींनी नुसती बोंब मारली नाही, वर्षानुवर्षं खपून पर्याय उभे केले. "फुकट मिळतंय तर बोलता कशाला" म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा. फुकटात घेणारेच भाषांतरं करतात, तक्रारी नीट लिहून पाठवतात, गावोगाव सीड्या वाटतात आणि ग्रंथपाल बाईंचे फोन घेतात. माझ्या फोनचं बिल कॅनॉनिकलने भरलेलं नाही.

वाचनालयात मी त्याच दिवशी संध्याकाळी ग्नोमचं फॉलबॅक सत्र, म्हणजे जुन्या घाटाची पर्यायी मांडणी, बसवलं. लॉगिनला 'ग्नोम क्लासिक' निवडायचं. खाली पट्टी, पट्टीवर तीन बटणं, बटणांवर नावं. त्यातही गंमत बघा, पट्टीवर उजवी टिचकी मारून काही बदलायला गेलो तर काहीच होईना. ऑल्ट दाबून मारायची असते. पडद्यावर कुठेही तसा इशारा नाही. बाईंनी मात्र देवघेव उघडली, वहीतल्या नोंदी चढवल्या आणि चहा मागवला. पुढे उबुंटू माते आल्यावर ती यंत्रं त्यावर नेली आणि तो विषय संपला.

(१२.१० मधलं ॲमेझॉन प्रकरण मी यात धरत नाही. स्वतःच्या फायली शोधायला डॅश, म्हणजे युनिटीची शोधायची जागा, उघडावा तर खाली विकाऊ माल दिसायचा, आणि शोधलेले शब्द कॅनॉनिकलच्या सर्व्हरकडे जायचे. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला हेरगिरी म्हटलं. ते १६.०४ मध्ये मुळातून बंद ठेवलेलं आलं. तो भरवशाचा प्रश्न होता, पट्टीचा नाही, आणि तिथे भडकणाऱ्यांना कोणी हट्टी म्हणत असेल तर त्याच्याशी मला बोलायचंच नाही.)

आता मेहुण्याच्या सिद्धांताचा तिसरा भाग, 'काढायला गेलं की पुन्हा बोंबलतात'. इथे तो अर्धा बरोबर आहे, कबूल. ५ एप्रिल २०१७ ला शटलवर्थ यांनी युनिटीचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. ऑक्टोबरात १७.१० आली ती ग्नोम घेऊन, आणि बटणं निमूट परत उजवीकडे! सात वर्षांची ती अख्खी महाभारतं, आणि शेवटी होतं तिथेच. तेव्हा युनिटीवाल्यांनी शंख केला आणि तोही खराच होता. १२.०४ पासून एक सोय होती, ऑल्ट दाबायचं आणि मेनूतल्या आदेशाचं नाव टाइप करायचं, मेनू धुंडाळायलाच नको. ती मलाही आवडायची. ती गेली. २०२० मध्ये भारतातल्याच एका शाळकरी मुलाने युनिटीवर चालणारं उबुंटू पुन्हा उभं केलं, आणि २२.१० पासून त्याला अधिकृत घराण्यात जागा मिळाली. म्हणजे युनिटीवाल्यांचंही दुखणं तेच: आमच्या हातातलं काढून घेतलं आणि ठेवायची सोय दिली नाही. यातून मेहुण्याचं म्हणणं कसं सिद्ध होतं ते त्यालाच ठाऊक. उबुंटू मातेमध्ये, म्हणजे युनिटी नको म्हणणाऱ्यांच्या घरात, 'म्युटिनी' नावाची मांडणी आहे. ती निवडली की डावीकडे रकाना येतो आणि डेस्कटॉप युनिटीसारखा दिसतो. दुसरी निवडली की विंडोजसारखा. हे जमतं तर तेव्हा का जमत नव्हतं?

एवढं बोललो त्याला दोन पुरवण्या जोडतो, नाहीतर कोणी तरी खाली येऊन जोडेलच. जुना ग्नोम २ जसाच्या तसा कायमचा चालवणं शक्य नव्हतं, त्याखालचा पाया जुना झाला होता आणि काम करणारे हात थोडे. आणि युनिटी आली तेव्हा काहीही न बोलता कामाला लागलेलेही पुष्कळ होते. लॅपटॉपवर नव्याने उबुंटू घेणाऱ्या कॉलेजच्या पोरांना तर ती पहिल्या दिवसापासून छान वाटली, कारण त्यांच्या बोटांना आधीचं काही माहीतच नव्हतं.

वडिलांचं. घाई करू नका. २२.०४ ला एप्रिल २०२७ पर्यंत अद्यतनं मिळणार आहेत. २४.०४ मध्ये पट्टी हललेली नाही, डॉक, म्हणजे चित्रांचा तो रकाना, डावीकडेच आहे, सेटिंग्जमध्ये 'उबुंटू डेस्कटॉप'खाली जाऊन खाली घेता येतो. बदललंय ते वेगळीकडे. वर डाव्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हिटीज' हा शब्द होता तो जाऊन नुसती ठिपक्यांची गोळी आली आहे. उजव्या कोपऱ्यातल्या मेनूत आता वाय-फाय, ब्लूटूथची मोठी बटणं आहेत. साधं टेक्स्ट एडिटर बदललंय, आणि सॉफ्टवेअर घ्यायचं दुकान वेगळ्या नावाने आणि वेगळ्या तोंडवळ्याने येतं. वडील मराठी टाइप करत असतील तर भाषा बदलायची कळ आधी कोणती होती ते लिहून ठेवा. पूर्वी कंट्रोल-स्पेस होती ती १३.१० पासून सुपर-स्पेस (सुपर म्हणजे विंडोजची खूण असलेली कळ) झाली, आणि कोणी जुनी लावून दिलेली असली तर अपग्रेडनंतर तपासा.

करायचंच असेल तर आधी २४.०४ पेनड्राइव्हवरून चालवून वडिलांसमोर ठेवा, त्यांना पाहिजे तेवढा वेळ, तुम्ही मध्ये बोलू नका. पटलं तर ते मोकळे असतील तेव्हा करा. लाइट बिल भरायच्या नाहीतर बँकेच्या कामाच्या दिवशी नको. नाही पटलं तर 'सॉफ्टवेअर अँड अपडेट्स' उघडा, 'अपडेट्स'च्या टॅबवर सगळ्यात खाली नव्या आवृत्तीची सूचना कधी द्यायची ते विचारलेलं असतं, तिथे 'नेव्हर' करा. रोजची सुरक्षेची अद्यतनं त्याने थांबत नाहीत, फक्त तो संदेश येणं थांबतं.